हौदाचा दुसरा खण

१

माझं नाव मंजुश्री, पण सासरी ते कुणी घेत नाही. लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा सासूबाई, रत्नम्मा अत्या, नुसतं "अगं" म्हणायच्या आणि हे दारातून खोकायचे. मग अंजू झाली. बारशाला पाळण्यात तिचं नाव ठेवलं आणि त्याच दिवशी ते मलाही लागलं. लेकराच्या नावानं आईला बोलवायची आमच्यात रीतच आहे. हे डाळमिलवरून आले की फाटकातून ओरडतात, "अंजू!" आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जाते. अत्या पूजेला बसल्या की, "अंजू, इभूत कुठं ठेवलीस गं?" मी म्हणते, "ओ, आले."

खरी अंजू मात्र कधी वळून बघत नव्हती.

चौदा महिन्यांची झाली तरी हाकेला मान वळवायची नाही, आधार धरून उभी राहायची नाही. भिंतीकडं बघत बसायची. त्यात महिन्यातून तीनदा जुलाब. सलाईन लावून लावून दोन्ही हात सुईनं निळे झालेले. लातूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कानात यंत्र घातलं, मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "कान चांगले आहेत. नावानं सारखी हाक मारत जा. देईल ओ एक दिवस."

परत येताना एसटीत मी उदगीरपर्यंत हाका मारत आले. अंजू, अंजू, अंजू. समोरची बाई शेवटी म्हणाली, "अवो, लेकरू मांडीवरच हाय की तुमच्या. कुठं हरवलंय?"

मी हसले. रात्री झोप लागली नाही.

२

आमच्याकडं नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघर जमिनीत हौद. आमचा स्वयंपाकघराच्या खाली आहे. सासऱ्यांनी पुढं आतली खोली बांधली तेव्हा हौदही तिच्याखाली वाढवला, म्हणून त्याला दोन खण. मधे भिंत, आणि भिंतीच्या तळाशी पाणी इकडं यायला एक चौकोनी भोक, घमेलं सरकेल एवढं. नळाचा पाइप दुसऱ्या खणात उघडतो. त्या खणाला वरून झाकण ठेवायचं गवंडी विसरला आणि फरशी बसवून मोकळा झाला. त्या फरशीवर अंजूचा पाळणा.

म्हणजे दुसऱ्या खणात माणूस कधी उतरलेलंच नाही. पहिल्या खणात बसून भोकातून हात घालायचा, लांब दांड्याच्या खराट्यानं घासायचं, मगानं पाणी मारायचं, गाळ ओढून घ्यायचा.

हे काम माझं. झाकणाच्या तोंडातून मीच जाते. लग्नानंतर पहिल्यांदा हौद धुवायचा झाला तेव्हा हे उतरायला निघाले होते, तर अत्या म्हणाल्या, "तू नको बाबा सोमेश. तुझं पोट आडकलं तर पाणी कुठून काढायचं आम्ही?"

मी खाली, अत्या वर झाकणापाशी. माझ्या कमरेला दोर. औषधाच्या वासानं आत माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून अत्यांनी नियम घातलेला. त्या रुद्राक्षाची माळ घेऊन बसतात. एक माळ जप झाला की एक हाक. खालून ओ आली पाहिजे. तीन हाकांना ओ नाही आली की दोर ओढून गल्ली गोळा करायची.

आणि हाक मारायची ती अंजूच्या नावानं.

गेल्या उन्हाळ्यात, अंजू तीन महिन्यांची असताना मी भोकातून उजेड टाकला होता. तळाच्या गाळात एक जागा पुसल्यासारखी दिसली, कुणी उताणं पडून हातपाय हलवावेत तशी. बेडूक असेल म्हटलं आणि खराटा फिरवला. दिवाळीला भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेवाळात बोटं ओढल्यासारख्या बारीक रेघा होत्या. पाल म्हटलं.

३

या वेळी सुमनबाईंनी सांगितलं. त्या आमच्या भागाच्या आशाताई, राहतात शेजारीच. अंजूला मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी द्यायला आल्या होत्या.

"पाणी उकळून देतीस ना?"

"देते की."

"आन् हौद?"

"दिवाळीला धुतला होता."

"दिवाळीला!" त्यांनी अत्यांकडं बघितलं. "रत्नम्माकाकू, नातीचं पोट कशानं बिघडायलंय म्हणता मग? धुवून काढा आधी." आणि पिशवीतून ब्लिचिंग पावडरचं पाकीट काढून दिलं. "बादलीत कालवायची, भिंतीला मारायची, अर्धा तास ठिवायची. मग स्वच्छ धुवून ते पाणी बाहेर काढायचं. तोंडाला फडकं बांध गं, लई उग्र हाय."

गल्लीच्या ग्रुपवर आलं होतं की पाणी उद्या सुटणार. म्हणून आज जेवणं झाल्यावर कामाला लागलो. हे मिलवर. अत्या माळ घेऊन झाकणापाशी, अंजू त्यांच्या शेजारी गोधडीवर. मी जुना गाऊन घातला, फडकं बांधलं, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि शिडीवरून उतरले.

हौदात वरचे आवाज वेगळेच होतात. अत्यांच्या बांगड्या लांब कुठं तरी वाजतात आणि आपला श्वास मात्र दुसऱ्याचा वाटावा इतका जवळ. मी आधी दुसरा खण घेतला. भोकातून खराटा फिरवला, मग पावडरच्या पाण्याचे मगामागून मग आत फेकले, तीन बादल्या. डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा आत उजेड टाकून बघितलं नाही. घाई होती.

वरून पहिली हाक आली. "अंजू!"

"ओ!"

"एकदाच दे की गं. दोनदा कशाला वरडायलीस?"

"एकदाच दिली, अत्या."

"मग माझेच कान वाजायलेत. मला न्या आता लातूरला, पोरीला ऱ्हाऊ द्या."

मी पहिल्या खणाची भिंत घासायला घेतली.

४

दुसऱ्या हाकेला मीही ऐकलं.

माझी ओ संपली आणि तिच्या मागून एक ओ आली. बारीक. भोकाच्या पलीकडून.

रिकामा हौद घुमतो, हे मला माहीत आहे. मी घमेल्यावर मग आपटला. आवाज गेला, भिंतींना लागून जाड होऊन परत आला. मी "ए" म्हटलं. तोही तसाच आला, जाड आणि फडक्यातला, माझाच. पण ती ओ फडक्यातली नव्हती. उघड्या तोंडातली होती.

वास चढतोय, मी स्वतःला म्हटलं. सुमनबाई म्हणाल्याच होत्या, उग्र आहे. वर जावं, दोन मिनिटं वारा घ्यावा. पण भिंत अर्धी राहिली होती, आणि एकदा वर गेले की अत्या म्हणणार, लई नाजूक झालीस. मी घासत राहिले. मनात जप मोजत राहिले, अत्यांची माळ कुठं आली असेल त्याचा अंदाज घेत.

तिसऱ्या हाकेला मी ओ द्यायची नाही असं ठरवलं. घुमणं असेल तर माझ्या ओशिवाय काही येणार नाही. एवढी अक्कल मला आहे.

"अंजू!"

मी श्वास धरला.

"ओ."

वर माळ पुन्हा सुरू झाली. अत्यांना ओ मिळाली होती. त्यांच्या लेखी मी ठीक होते. आता मी इथं पडले असते तरी दोर कुणी ओढला नसता, हे मला कळलं.

५

तेव्हा वर यायला पाहिजे होतं. का नाही आले, ते कुणाला सांगता येत नाही.

चौदा महिने मी त्या नावानं हाका मारत होते. पाळण्याला, मांडीला, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर. एकदाही काही आलं नव्हतं. आणि इथं कुणीतरी ओ देत होतं.

मी भोकापाशी खाली बसले. तोंडावरचं फडकं काढलं आणि हळू म्हटलं, "अंजू."

"ओ."

भोकाच्या अगदी जवळून.

मी मोबाईल आत धरला. भिंत पावडरनं पांढरी झाली होती आणि त्या पांढऱ्यात बोटं ओढलेली होती, ओली, आत्ताची. वीतभर नाही, आता माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. एकामागं एक, भिंतीला धरून चालत गेल्यासारखी, कोपरा वळून पुढं. गेल्या उन्हाळ्यात उताणं होतं. दिवाळीला रांगत होतं. मी बोटांमागून उजेड सरकवत गेले आणि उजेड जिथं संपत होता तिथं दोन टाचा होत्या. लहान. पांढऱ्या. भिंतीकडं तोंड करून उभ्या.

अंजू अजून उभी राहत नव्हती.

त्यातली एक टाच उचलली गेली.

तेवढ्यात गल्लीतून ओरडा आला, "पाणी सुटलं गं! आजच सुटलं!" आणि दुसऱ्या खणात पाइप खोकला. हवा आली, मग गढूळ धार. वर अत्या म्हणाल्या, "यव्वा! अगं वर ये, वर ये, पाणी आलं! धुवायचं ऱ्हाऊ दे!"

पाण्याचा आवाज झाला आणि आत रडणं सुरू झालं.

अंजूला सुई टोचल्यावर ती जशी रडते तसं. मधेच श्वास अडकून, मग पुन्हा. मीच फेकलेली तीन बादल्या पावडर त्या पाण्यात मिसळत होती. माझी छाती दगड झाली आणि पान्हा फुटला. गाऊन पुढून पोटापर्यंत भिजला. मी हात खांद्यापर्यंत भोकात घातला आणि म्हटलं, "ये."

मी खरंच म्हटलं.

बोटांना काहीतरी लागलं, गार आणि मऊ.

मी हात मागं घेतला.

शिडी कशी चढले ते आठवत नाही. वर अंजू गोधडीवर होती, कोरडी, भिंतीकडं बघत, गप्प. खाली रडणं चालू होतं. पाणी भोकाच्या वरच्या कडेला लागलं तसं ते थांबलं.

"अत्या, कोण रडत होतं?"

"तूच की," अत्या म्हणाल्या. "बघ आरशात. डोळे कसे झालेत."

६

हौदात पावडर राहिली म्हणून हे चिडले. निम्मं पाणी उपसून अंगणात टाकलं, मग पुन्हा भरून घेतलं. मी झाकणाजवळ गेले नाही. तिन्हीसांजेला हे मोटारीची वायर गुंडाळत फाटकातून ओरडले, "अंजू!"

मी ओट्यापाशी होते. ओ द्यायला तोंड उघडलं, त्याआधीच आली.

"ओ."

अंजू ओट्याच्या कडेला धरून उभी होती.

अत्यांच्या हातातून ताट पडलं. हे पळत आत आले, पुन्हा म्हणाले, "अंजू?" पुन्हा ओ. मग सगळेच सुरू झाले. अत्या, हे, भिंतीवरून डोकावून सुमनबाई. प्रत्येक हाकेला ओ. अत्यांनी गल्लीत साखर वाटली. यांनी लातूरच्या डॉक्टरांना फोन लावून तो फोन अंजूच्या तोंडाशी धरला.

मी हसत उभी होते. तो आवाज मी ओळखला होता.

त्या रात्री सगळे झोपल्यावर नाही, तिथंच, सगळ्यांच्या समोर, तिला मांडीवर घेऊन मी बघितलं. कानामागचा तीळ होता. लसीचा डाग होता. हातावर सुईचे निळे डाग होते, मोजून तेवढेच. टाचा कोरड्या होत्या.

"काय शोधायलीस?" यांनी विचारलं.

"काही नाही. मुंगी होती."

जुलाब थांबले. आठवड्यात अंगावर मूठभर मांस चढलं. भिंतीला धरून ती सगळं घर फिरायला लागली. सुमनबाईंना मी एकदा आडून विचारलं, हौदातलं. त्या म्हणाल्या, "औषधाच्या वासानं डोकं फिरतं बाई. आमच्या ट्रेनिंगमधी सांगितलंय. लेकरू सुधारलं न्हवं? मग?"

मग काही नाही. लेकरू सुधारलं. मीसुद्धा स्वतःला हेच सांगते.

फक्त तिला छातीशी घेतलं की दूध येत नाही. तीही शोधत नाही. वाटीतलं पाणी मागते.

७

पान्हा आटला, असं अत्या म्हणतात. आटला नाही. दुपारी अत्या मठात जातात, अंजू पाळण्यात झोपलेली असते, घरात काही वाजत नाही, आणि माझा पदर भिजतो. रोज. एकाच वेळेला.

मी हौदात काठी घालून पाणी बघायला लागले. आठव्या दिवशी मांडीएवढं. नवव्या दिवशी गुडघ्याएवढं. अत्या म्हणाल्या, "बारकं मन करून किती मोजशील? येईल पाणी." अकराव्या दिवशी काठी घातली तर पाणी भोकाच्या वरच्या कडेखाली गेलं होतं.

त्या दुपारी मी शिडी लावली. दोर बांधला नाही, त्याचं दुसरं टोक धरायला कोण होतं? अंजू झोपली होती. मी पाळण्यात दोनदा बघून आले. तिचे ओठ झोपेत हलत होते.

खाली पोटऱ्यांएवढं पाणी होतं, स्वच्छ, तळ दिसत होता. मी भोकापाशी बसले. उजेड घेतला नव्हता. बघायचं नव्हतंच मला. मागच्या वेळी हात मागं घेतला होता, एवढंच मनात घर करून बसलं होतं. सुई टोचताना सुद्धा मी अंजूचा हात कधी सोडला नव्हता.

मी हात आत घातला. खांदा भिंतीला टेकला, गाल ओल्या सिमेंटला.

वाट बघावी लागली नाही. बोटं आली आणि माझी तर्जनी धरली. लहान बोटं, गार, घट्ट. माझी छाती भिजली. मी डोळे मिटून "आले गं, आले" म्हणत राहिले. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

मग वर पाळण्याची साखळी वाजली.

आधी कुणकुण. मग रडणं. त्या दिवसापासून ती एकदाही रडली नव्हती. सुई टोचल्यासारखं, मधेच श्वास अडकून, मग पुन्हा, पाळण्यातून आईला शोधत. त्या रडण्यात काही वेगळं नव्हतं. चौदा महिने ऐकलेलं तेच. अंजूच ती. माझीच.

मी हात ओढला.

आतली बोटं सैल झाली नाहीत.